बेशरम हटविल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

गाईडचे बाबा कुणाला नमस्कार करत नसत. तीन बोटं जुळवून कपाळाला लावायची, टाच आपटायची आणि सॅल्यूट ठोकायचा. स्लिपरच्या टाचेचा आवाज येत नाही, म्हणून 'खट्' ते तोंडानंच म्हणत. मुख्याध्यापकांना सॅल्यूट, एसटीच्या कंडक्टरला सॅल्यूट, भाजीवालीला सॅल्यूट. वास्तविक ते स्वतः जन्मात कधी स्काऊटमध्ये नव्हते. त्यांची पल्लवी आमच्या शाळेत नववीत होती, गाईडच्या आठ मुलींच्या तुकडीची नायिका होती, आणि मी त्या मुलींची गाईड कॅप्टन. म्हणजे सॅल्यूटचं मूळ शेवटी माझ्याकडेच येऊन पोचायचं.

"मी गाईडचा बाप," अशी त्यांनी पहिल्याच दिवशी ओळख करून दिली. तेव्हापासून स्टाफरूममध्ये त्यांचं तेच नाव पडलं. गाव भंडाऱ्याजवळच्या शहापूरपासून आत, घरची धानाची शेती. मी जवाहरनगरच्या क्वार्टरमधून सकाळी शाळेत पोचायची, तर हे माझ्याआधी फाटकात हजर. "पोरगी शिट्टी वाजवते तं आठ पोरी रांगेत उभ्या राहतात, मॅडम! माह्या शिट्टीनं घरचा बैल बी नाही हालत." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं याची गणती नाही. एकदा ऐन धान रोवण्याच्या दिवसांत पल्लवीची आई चिखलाच्या पायांनी शाळेत आली. "मॅडम, याईले इथंच ठेवून घ्या ना जी. रोवणाऱ्या बाया बांधीत येऊन बसल्या, अन् हे परेड पाहून राहिले." गाईडचे बाबा कडुनिंबाच्या आड लपले होते. तिथून त्यांना मीच बाहेर काढलं.

स्काऊट-गाईड हस्तांदोलन डाव्या हातानं करतात, हे त्यांना कळलं तो दिवस तर मी विसरणं शक्य नाही. पुढच्याच आठवड्यात पुतणीच्या लग्नात त्यांनी व्याह्यांपुढे डावा हात केला. व्याही चिडले, मांडवात बोलाचाली झाली, नवरदेव घोड्यावर ताटकळला. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "भाऊ, असं काहून केलं?" तर म्हणतात, "तुम्हीच शिकवलं ना, डावा हात कलेजाच्या जवळचा असते म्हून?" मी पोरींना शिकवलं होतं. त्यांच्या बापांना नव्हे.

पण हे सगळं तोवर हसण्यावारी नेता येत होतं. त्या वर्षी पल्लवीला राज्य पातळीच्या पुरस्कारासाठी सेवा प्रकल्प करायचा होता. नियम साधा: काम मुलीनं ठरवायचं, परवानगी तिनं काढायची, तुकडीकडून करून घ्यायचं आणि लॉगबुकात लिहायचं. महिन्याभरात परीक्षक पाहायला येणार. पल्लवीनं गावच्या तलावाची पाळ निवडली. बाया धुणं धुतात, गुरं पाण्याला उतरतात, तो सगळा काठ बेशरमनं व्यापला होता. जांभळट फुलांचं ते झुडूप कितीही तोडा, पुन्हा फुटतं. म्हणून तर त्याचं नाव बेशरम. मुळासकट खणून काढायचं तिनं ठरवलं. अर्ज लिहून उपसरपंचांची सही आणली. मला फार कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू.

कौतुक गाईडच्या बाबांनाही वाटलं. त्यांनी कुणालाही न विचारता भंडाऱ्याहून दहा फुटी फ्लेक्स करून आणला आणि बस स्टॉपवर टांगला. पल्लवीचा गणवेशातला फोटो, खाली ठळक अक्षरांत 'गावातील बेशरम हटविल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि त्याच्या बरोबर खाली, मान द्यायचा म्हणून, सरपंच, उपसरपंच आणि पोलीस पाटलांचे ओळीनं फोटो. बेशरमचं एक पान अजून तुटलेलं नव्हतं. पण फ्लेक्सवर गावातले बेशरम कोण आणि कुठे बसलेत, ते फोटोसकट जाहीर झालं होतं.

सकाळच्या एसटीतले लोक उतरून फोटो काढत होते. दुपारपर्यंत तो अख्ख्या तालुक्याच्या मोबाईलवर फिरला. उपसरपंच तडक शाळेत आले, माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाले, "तलावावर एकही पोरगी दिसली नाही पाहिजे. सही वापस!" प्रकल्प गेला. पल्लवी वर्गात मान खाली घालून बसली होती. रडत नव्हती, ते मला जास्त लागलं.

आणि गाईडचे बाबा? व्हरांड्यात उभे. "म्या तं त्याईचा मानच केला, मॅडम." त्या क्षणी माझा तोल गेला. म्हटलं, "भाऊ, पाया पडते तुमच्या. यापुढे पल्लवीच्या कुठल्याही कामात तुम्ही मला दिसायचं नाही. कुठंच नाही!" ते हळूच "बरं" म्हणाले. सॅल्यूट न करता गेले.

पल्लवी मात्र संध्याकाळी गणवेश घालून एकटीच उपसरपंचांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. तिनंच मला नंतर सांगितलं. म्हणाली, "काका, बाबाले झाडच म्हणाचं होतं. महिन्यानं तुम्ही स्वतः पाहाले या. एक जरी बेशरम उरली, तं आमच्या घरावर माह्या फोटोचा तसाच फ्लेक्स लावा." उपसरपंच आधी गुरकावले, मग त्यांना हसू आवरेना. सही परत मिळाली.

चार रविवार मुलींनी काठ खणला. हातांना फोड आले, चिखलात चपला गेल्या. गाईडचे बाबा खरंच फिरकले नाहीत. तिसऱ्या रविवारी मी पाळीच्या पलीकडे उतरले, तर शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, तलावाकडे पाठ करून कुणीतरी बसलेलं. जवळ गेले तर हेच.

"पाहून नाही राहिलो मॅडम," ते घाईनं म्हणाले. "ऐकून राहिलो. शिट्टी तिचीच आहे ना?"

"तिचीच," म्हटलं आणि निघाले. तेव्हाच सांगायला हवं होतं की झालं गेलं, या वर. पण माझा राग अजून पुरता उतरला नव्हता, आणि या माणसाला एकदा वर घेतलं की हा खोरं हातात घेईल, अशी धास्तीही होती.

परीक्षक आले, उपसरपंचांनी स्वतः त्यांना काठ फिरवून दाखवला, आणि पल्लवीला पुरस्कार मिळाला. जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या सभागृहात कार्यक्रम होता. पालकांना पुढच्या रांगेत जागा. पल्लवीची आई एकटीच आली. स्टेजवर प्रमाणपत्र घेताना पल्लवी पाहुण्यांकडे पाहतच नव्हती. ती खाली रांगा शोधत होती. उतरली आणि थेट माझ्याकडे आली. "मॅडम, बाबा काहून नाही आले?"

मी बाहेर येऊन फोन लावला. मागे कोंबड्यांचा आवाज. म्हणजे स्वारी घरीच.

"अहो भाऊ, आज काय झालं?"

"तुम्हीच म्हटलं ना, कुठंच नाही म्हून."

"ते तलावापुरतं होतं हो!"

"तुम्ही कुठंच म्हटलं होतं, मॅडम." आवाजात तक्रार नव्हती. हा माणूस शाळेत वर्षभर माझं एक अक्षर ऐकत नव्हता. यानं आयुष्यात माझी एकच गोष्ट मानायची ठरवली, आणि तीही नेमकी ही! मला त्याचा इतका संताप आला आणि माझाही इतका आला, की डोळ्यांत पाणीच आलं.

मग ते म्हणाले, "माईकवर नाव घेतलं असंल ना जी तिचं? कसं घेतलं, म्हणून दाखवा ना."

सभागृहाच्या दारात चहाचे कप मांडणारी माणसं होती, दुसऱ्या शाळांचे शिक्षक होते. मी त्या सगळ्यांच्या देखत, निवेदकासारखाच आवाज चढवून म्हटलं, "कुमारी पल्लवी शालिक भुरे!"

"मधलं बी घेतलं?"

"घेतलं हो. मधलंही घेतलं."