घारकाकांचे खांब

नकाशाच्या कचेरीत त्यांना सगळे घारकाका म्हणत. घार जशी आभाळातून उंदराचं पिल्लू हेरते, तसे हे हातभर अंतरावरून नकाशावरचा सुईच्या टोकाएवढा डाग हेरत. त्यांच्या टेबलावर जमिनीच्या उंचसखलपणाचे नकाशे येत. त्यांवर गाव नाही, रस्ता नाही, एक अक्षर नाही. नुसत्या करड्या छटा. सखल जमीन काळपट, उंच जमीन फिकी, आणि मधे राखेचे असतील नसतील तेवढे रंग. नावं नंतर चढत. काकांनी तपासून सही केली की नकाशा पुढे जाई. त्यांची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

अशा माणसाच्या नजरेच्या ऐन मधोमध एक डाग पडला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "चष्म्याने जायचा नाही हा. वाढतच जाणार," ते म्हणाले. कडेचं सगळं दिसायचं. समोर पाहावं तेवढंच पुसलं जायचं. बायकोकडे पाहिलं की तिचे कान दिसत, केस दिसत, तोंड दिसत नसे.

काकूंना ते कळायला डॉक्टर लागला नाही. एका सकाळी काकांनी चहा ओतला तो कपाशेजारी, टेबलावर.

"सांगून टाका कचेरीत," फडकं फिरवता फिरवता काकू म्हणाल्या.

"काय सांगू? घारीला दिसत नाही म्हणून?"

"हसतील तर हसू देत."

"हसतील कशाला? हळहळतील. हसलेलं सोसेन एक वेळ." मग कप चाचपत म्हणाले, "ते टेबल गेलं तर मागे काय उरतं माझं? सांग ना."

काकूंनी फडकं पिळलं.

काकूंनी कानावर घातल्यावर वाट काढली ती भाचीने. ती दवाखान्यात एक्स-रेची चित्रं कॉम्प्युटरवर नीट करायचं काम करी. सुट्टीच्या दिवशी येऊन तिने काकांच्या लॅपटॉपवर एक गोष्ट बसवून द्यायला घेतली. हिस्टोग्राम म्हणत तिला.

"चित्रातला ठिपका न् ठिपका मोजायचा, मामा. एका छटेचे सगळे ठिपके एकावर एक रचायचे. डावीकडे काळे, उजवीकडे पांढरे, मधे करडे. ज्याचे ठिपके जास्त, त्याचा खांब उंच."

"पोत्यांच्या थप्प्या."

"अगदी."

पहिल्यांदा नकाशा उघडला तर पडद्यावर उजव्या टोकाला एकच खांब छताला टेकलेला, आणि बाकीचे सगळे तळाशी चिरडून सपाट झालेले. भाची कपाळाला हात लावून हसली. "कागदाचा कोरा समास मोजला गेला. तो एवढा मोठा की बाकीच्यांना जागाच उरली नाही."

"आमच्या कचेरीतही तेच आहे," काका म्हणाले. "जो सगळ्यात कोरा, तो सगळ्यात वर."

तिने समास कापून टाकला. तशी खांबांची रांग उभी राहिली, जाड, काळी, पांढऱ्यावर ठसठशीत. मान तिरकी करून डोळ्याच्या कडेने पाहिलं की काकांना ती दिसत होती. एखाद्या खांबावर टिचकी मारली की नकाशातली तेवढीच छटा उजळे आणि बाकी सगळं काळं पडे. काका लहान मुलासारखे टिचक्या मारत बसले. छटा काळ्यात बुडाल्या की डावीकडे ढीग होतो, स्कॅन करताना एखादी छटा गळली की मधे खिंडार पडतं, आणि चांगल्या नकाशाचे खांब दोन टेकड्यांसारखे चढतात-उतरतात, हे त्यांनी तासाभरात हेरलं.

"आता काय उजळलं, मामा?"

"नदी," काका ठामपणे म्हणाले.

"मी अजून काही दाबलंच नाही."

काकूंनी आतल्या खोलीचं दार हळूच लोटून घेतलं.

"आईला सांगू का?" भाचीने विचारलं.

"तुझ्या आईला सांगितलं म्हणजे दवंडीच पिटली."

"मग माझं एक ऐका. हे किती आहे ते सांगतं. कुठे आहे ते सांगत नाही. नकाशाकडे बघायचं सोडू नका."

"बरं, मास्तरीणबाई."

त्या खांबांवर काकांचे दिवस निघाले. कुणाला संशय आला नाही. उलट, काका हल्ली यंत्राने तपासतात, आता तर चूक सुटायचीच नाही, असं साहेब पाहुण्यांना सांगू लागले. काकांनाही ते ऐकून बरं वाटे. माणसाला काठी मिळाली की पाय गेल्याचं तो हळूहळू विसरतो.

मग नदीकाठच्या एका वस्तीचा नकाशा आला. तिथली जमीन तळहातासारखी सपाट; कुठली बाजू पुरुषभर उंच आणि कुठली सखल, हे उभ्या माणसाला कळत नाही. पूर आला की वस्तीने जायचं कुठे, तो निवारा या नकाशावरून बांधायचा होता. पहिल्या स्कॅनला घडी पडली होती, म्हणून काकांनीच तो परत पाठवला. स्कॅनवाल्या बाईने नकाशाची पारदर्शक फिल्म पुन्हा यंत्रावर घातली. या खेपेला ती उलटी बसली, डावी बाजू उजवीकडे गेली. अक्षर असतं तर उलटं दिसलं असतं. अक्षर नव्हतंच, आणि नदी सरळ मधून जात असल्याने तीही चुगली करेना.

काकांनी जुन्या स्कॅनचे खांब आणि नव्याचे खांब शेजारी लावले. खांबाला खांब जुळत होता, घडीचं खिंडार तेवढं बुजलं होतं. त्यांना समाधान वाटलं. डोळे दुखत होते. नकाशा न उघडताच त्यांनी सही केली.

नकाशात उंच दिसली त्या बाजूला निवारा बांधला गेला. पूर आला. लोक सांगितल्याप्रमाणे निवाऱ्यात गेले, आणि पाणी त्यांच्या मागोमाग तिथेच आलं. धडधाकट होते ते छपरावर चढले. खाटेला खिळलेली एक म्हातारी खालीच राहिली.

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. साहेबांनी निकाल जवळजवळ लावूनच ठेवला होता. "काकांनी पाहिला तेव्हा नकाशा सुलटाच असणार. त्यांच्या नजरेतून हे सुटेल का? बाई, तुम्ही नंतर पुन्हा स्कॅन केलात, आणि तो तसाच पुढे ढकललात."

"नाही हो साहेब! काकांच्या सहीनंतर मी हातसुद्धा लावला नाही." बाईचा आवाज फुटला. "उलटी बसली असेल फिल्म, माझ्या हातून होऊ शकतं. पण लपवाछपवी नाही केली. काका, तुम्ही तरी सांगा."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. तिचं तोंड त्यांना दिसलं नाही. खांद्यावरची ओढणी थरथरताना दिसली.

त्यांनी लॅपटॉप उघडला, तो नकाशा खांबांच्या पडद्यावर आणला आणि साहेबांकडे वळवला. "साहेब, हा नकाशा तुम्हीच उलटा करा."

साहेबांनी केला.

"खांब हलले?"

"नाही."

"परत सुलटा करा. आता?"

"नाही काका, पण याचा..."

"मी हे बघत होतो. नकाशा नव्हतो बघत. मला दिसत नाही, साहेब. बरेच दिवस झाले."

साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "हे बोलायची काही गरज नव्हती, काका."

"चूक हिची झाली. पण तिची चूक धरायलाच मला तिथे बसवलं होतं ना?"

बाईला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. काकांनी टेबल त्याच दिवशी सोडलं. कचेरी हळहळली. ती हळहळ ते जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत गेले.

पुढच्या आठवड्यात काकूंचा हात धरून ते त्या निवाऱ्यात गेले. आत कुणी नव्हतं. लोखंडी खाट तशीच होती. तिची कड काकांच्या गुडघ्याला लागली.

"पाण्याची खूण कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"भिंतीवर आहे. खाली काळं, वर पांढरं. दिसत नाही का..." काकूंनी जीभ चावली.

काकांनी भिंतीला तळहात लावला. खाली वाळलेल्या गाळाचे पोपडे होते, खरखरीत. खाटेच्या काठापासून हात हळूहळू वर सरकवत ते पोपडे कुठे संपतात ते चाचपू लागले. कंबर गेली, छाती आली, गळा आला, तरी संपत नव्हते. काकांच्या टाचा उचलल्या गेल्या.

"चला," काकू म्हणाल्या. "पुरे झालं."

"थांब," ते म्हणाले. "खूण कुठे ते अजून सापडलं नाही."