दाजींच्या एकचाकीचा ब्रेक

आमच्या दाजींच्या मते जगातली प्रत्येक दुसरी वस्तू माणसाच्या भित्रेपणातून जन्माला आलेली होती. पहिली वस्तू गरजेपोटी येते आणि दुसरी, पहिली दगा देईल या भीतीपोटी, असे ते म्हणत. आणि नुसते म्हणत नसत, तसे वागत. त्यांच्या चष्म्याला एकच काच होती. दुसरी फुटली तेव्हा त्यांनी रिकाम्या चौकटीतून बोट आरपार घालून पाहिले, "ह्या डोळ्याला बराबर दिसतं, मंग काच काहून?" असे विचारले आणि पुढे जन्मभर एका डोळ्याने वाचले व दुसऱ्याने माणसे ओळखली. सदऱ्याला काजे चार आणि बटण एक. घराला दोन दारे होती, त्यातले मागचे त्यांनी लग्नानंतर लगेच विटा लावून बुजवले. कुलपाचा खर्च वाचला खरा, पण एकदा पुढच्या दारात कोणाची तरी म्हैस आडवी बसली आणि सगळे घर दुपारपर्यंत आत अडकून पडले. चपला मात्र जोडीनेच घ्याव्या लागत, याचे त्यांना मनापासून वाईट वाटे. ते दर खेपेला यावरून दुकानदाराशी वाद घालत आणि दुकानदार दर खेपेला दचकून त्यांच्या पायांकडे बघे.

मला याद्या करायची सवय आहे. लग्नकार्य असो की पापडाचे वाळवण, कागदावर दोन रकाने पाडल्याशिवाय माझे डोके चालत नाही. दाजींच्या सवयींचीही मी एकदा यादी करायला घेतली होती: डावीकडे फायद्याच्या, उजवीकडे तोट्याच्या. प्रत्येक सवय दोन्हीकडे लिहावी लागते असे दिसल्यावर मी तो कागद चुलीत घातला. त्या माणसाने मला जितके गोंधळात टाकले, तितके कोणी टाकले नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. माझे सासरही हिंगोलीतच, त्यांच्या घरामागच्या गल्लीत. मागचे दार बुजवल्यामुळे मला रोज वळसा पडे, तो भाग वेगळा. निजामाचे राज्य होते आणि दाजी सरकारच्या देवी टोचण्याच्या खात्यात होते. हिवाळ्यात लशीची पेटी घेऊन गावोगाव पायी फिरायचे आणि चैत्रात साथ येण्याआधी लेकरांना टोचून घ्यायचे, हे त्यांचे काम. ते सोपे नव्हते. "टोचनारा आला रेऽ" अशी एक आरोळी उठली की गावातली पोरे कणगीत, कडब्याच्या गंजीत, चिंचेच्या शेंड्यावर नाहीशी होत. आयाही त्यांना शोधून देत नसत. देवी तिच्या मर्जीने येते; दंडावर ओरखडे काढून तिला अडवणारा हा कोण, असे त्यांना वाटे.

गोरेगावच्या वाटेवर एक गाव होते, उतारावर वसलेले. तिथे एका हिवाळ्यात दाजी दिवसभर हिंडले आणि एकाही लेकराच्या दंडाला हात न लावता परत आले. त्याच चैत्रात त्या गावात साथ शिरली. किती घरांत काय झाले हे दाजींनी आम्हाला कधी सांगितले नाही. त्यानंतर ते त्या गावाचे नावही घेत नसत. नुसते 'ते गाव' म्हणत.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या मैदानावर आलेली एक सर्कस तिथेच मोडली आणि तिचे सामान विकायला निघाले. लोकांनी दोर घेतले, बांबू घेतले, कोणी तंबूचे कापड घेतले. गळत्या छपरावर टाकायला कापड आणा म्हणून अक्काने दाजींनाही पाठवले होते. दाजी खांद्यावर एक चाक घेऊन आले. चाकाला दोन पायडल, वर एक खोगिरासारखी बैठक. बाकी काही नाही.

"आणि बाकीची सायकल?" अक्काने विचारले.

"एवढीच हाय."

"कोनी चोरली का काय?"

"न्हाई हो. असलीच राहते. हिला दुसरं चाक लागतच न्हाई!" हे सांगताना दाजींचा चेहरा असा उजळला होता, की उभ्या जगात आपल्या मताचे एक तरी यंत्र आहे हे त्यांना आजच कळले असावे.

अंगणाच्या भिंतीला धरून ते ती शिकले. भिंतीचा गिलावा गेला, तुळशीच्या कट्ट्याचा कोपरा गेला, पण दिवाळी सरता सरता दाजी पाठीला लशीची पेटी बांधून एकचाकीवरून नरसीच्या रस्त्याला लागले. आणि मग जे झाले ते त्यांच्याही ध्यानीमनी नव्हते. ज्या पोरांना शोधून काढावे लागे, ती पोरे आपण होऊन शिवेवर पळत येऊ लागली. दाजींनी नियम केला: ज्याने टोचून घेतले त्याला बैठकीवर बसवून एक फेरी. बायकांनी त्यात आणखी भर घातली. धडधाकट शहाणा माणूस उगीच एका चाकावर बसणार नाही. तेव्हा याने देवीला नवस बोललेला असणार आणि तिच्यासाठी एक चाक सोडलेले असणार, असे गावोगाव ठरले. त्या चाकाला हळदकुंकू वाहू लागल्या. दाजी जीव तोडून सांगत, "नवस न्हाई हो माय, गाडीच असली हाय." पण खरा नवसकरी कबूल थोडाच करतो, असे म्हणून त्या आणखी चिमूटभर कुंकू वाहत.

एकाच गोष्टीची अडचण होती. उतारावर ती गाडी दाजींचे ऐकत नसे. आणि एकदा एका उताराच्या पायथ्याशी खात्याच्या मोठ्या साहेबांची राहुटी पडली होती. दाजी राहुटीच्या पुढच्या दारातून आत गेले, जाता जाता साहेबांना सलाम केला आणि मागच्या दारातून बाहेर पडले. गळ्यात साहेबांचा टॉवेल होता. साहेब आधी हसले म्हणतात, पण मग त्यांनी फर्मान काढले, "बिना ब्रेक की सवारी सरकारी काम में नहीं चलेगी." पुढच्या दौऱ्यात ब्रेक समोर चालवून दाखवायचा, नाहीतर एकचाकी बंद. आणि दाखवायचा कुठे, तर 'त्या गावा'त, कारण त्या हंगामात तेवढेच राहिले होते.

"मग दुचाकी घ्या की, दाजी," मी म्हणाले.

"दुचाकी बघायला कोन्तं पोरगं कडब्यातून भाईर येतं, धाकल्या बाई?"

तेव्हा ब्रेक बसवायला हवा होता आणि तोही दाजींच्या पगारात बसणारा. ते सायकलवाल्या चाचांकडे गेले. चाचांनी मोडक्या दुचाकीचा ब्रेक काढून चाकावर बसवला, त्याची मूठ बैठकीखाली आणली. सगळी गल्ली बघायला जमली. दाजींनी वेग घेतला, मूठ दाबली. चाक जागच्या जागी थांबले. दाजी थांबले नाहीत. ते पुढे चाचांच्या पाण्याच्या घमेल्यात जाऊन बसले. चाचांनी शांतपणे चाक फिरवून पाहिले आणि म्हणाले, "ब्रेक एकदम दुरुस्त है मियाँ. खराबी आप में है."

मग मला विचार करावा लागला, आणि जितका केला तितके डोके फिरत गेले. दुचाकी थांबली की माणूस पाय टेकतो. एकचाकी थांबली की पडते. चालते आहे तोवरच ती उभी. म्हणजे ब्रेक नसेल तर साहेब बंद करणार, आणि असेल तर दाजी पडणार. हे मी दाजींना मुद्देसूद सांगितले. ते म्हणाले, "चाक थांबवनं सोपं हाय. मला कोन थांबवनार, हा सवाल हाय."

"मी लगीन झाल्यापासून थांबवूनच राहिले," आतून अक्का म्हणाली.

दाजींनी मग आपल्या अकलेने ब्रेक काढले. काठीच्या टोकाला जुन्या चपलेचा तळ ठोकून तो चाकावर दाबायचा, हा एक. जोडीतली एक तरी चप्पल कारणी लागली म्हणून ते भलतेच खूश होते. पण चामडे तापले की असा वास सुटे की गल्लीतली सगळी कुत्री मागे लागत, आणि कुत्री मागे लागल्यावर दाजी जोराने पायडल मारत. वेग वाढवणारा ब्रेक मी तेवढाच पाहिला. नंतर त्यांनी लोढणे आणले. उनाड गुराने पळू नये म्हणून त्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवतात, ते. दोराने बैठकीला बांधून ते मागे फरपटत न्यायचे. सपाटीवर ते झकास चाले. उतारावर लोढणे दाजींच्या पुढे निघून गेले आणि दाजींना ओढत घेऊन गेले.

"आता लोढन्याला ब्रेक बसवा," अक्का म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण बोलणे असेच.

शेवटी तो दिवस आला. अक्काने बैलांची दमणी जुंपायला लावली आणि मलाही बरोबर घेतले. "हाडं गोळा करायला दोघी पायजेत," म्हणाली. गावात शिरलो तर सगळे सामसूम. दारे लोटलेली, उतारावर एक पोर नाही. उताराच्या तळाशी पारावर साहेब खुर्ची टाकून बसले होते. वर, उताराच्या डोक्यावर, दाजी. एकचाकीला चाचांचा ब्रेकही होता आणि लोढणेही. दाजींच्या आयुष्यात एका कामाला दोन वस्तू मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि त्यावरून ते किती घाबरले आहेत ते मला कळले. आज पडले तर गाडी जाणार, हे तर होतेच. पण देवीचा म्हणवणारा माणूस भर गावात तोंडावर आपटला तर देवीने झिडकारला असेच ठरणार होते, आणि मग या गावातली एकही कडी निघाली नसती. चैत्र तर तोंडावर आला होता.

आमच्या दमणीशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. कपाळाला हात लावून तिने वर पाहिले. "कसला नवस हाय वो तुमच्या मालकाचा?"

"आजी, त्येचं ऱ्हाऊ द्या. ते आता पडनार हाय बघा," एवढेच अक्का कशीबशी म्हणाली.

"पडनार?" म्हातारी केवढ्याने ओरडली. "नवसाचा मानूस भुईवर पडू देतेत व्हय? पोरंहोऽ! मेल्यांनो, भाईर निघा! देवीचा मानूस पडनार हाय, धरा त्येला!"

कडब्याच्या गंज्या हलल्या. चिंचेवरून पोरे टपटप गळली आणि उतारावर धावली. फटीतून इतका वेळ ती एकचाकीच बघत बसलेली असणार. दाजी तोवर निघाले होते. अर्ध्या उतारावर लोढणे त्यांच्या पुढे गेले, साहेब खुर्चीवरून उठले, दाजींनी डोळे मिटून मूठ दाबली आणि चाक थांबले. दाजी हवेत पुढे आले ते थेट त्या पोरांच्या घोळक्यात. कोणी कोट धरला, कोणी पाय, कोणी गळ्याला मिठी मारली. सगळा ढीग डुलला, हेलकावला आणि तसाच उभा राहिला. दाजींचे पाय भुईला लागले नव्हते.

साहेबांनी चाकाकडे पाहिले, ओंडक्याकडे पाहिले. "ब्रेक कौन-सा है इसमें?"

"ही काय एवढी लेकरं! दिसत न्हाईत व्हय?" म्हातारीने दटावले.

"मगर हर गाँव में ये ब्रेक मिलेगा?"

ढिगातून दाजींचा आवाज आला, "हर गाँव में लेकरं हैं, साब."

साहेबांनी बराच वेळ डोके खाजवले. मग हळूच म्हणाले, "तो फिर टोचो. ब्रेक छूटने से पहले." दाजींनी कोटाला लटकलेल्या पोरापासूनच सुरुवात केली.

चैत्रात साथ आली. कुठल्या कुठल्या गावांची नावे रोज कानावर येत होती. एक दिवस दाजी कोणाला न सांगता, पेटी न घेता पायीच निघून गेले. संध्याकाळी परत आले ते धुळीने माखलेले. अक्काने ताट वाढले. ते हात धुऊन नुसतेच बसून राहिले.

"त्या गावाला गेल्ते ना? काय झालं तिथं?" तिने भीत भीत विचारले.

"काही न्हाई झालं," दाजी म्हणाले. पुन्हा म्हणाले, "काहीच न्हाई झालं." आणि लहान पोराने रडावे तसे रडू लागले.

पुढे दर चैत्रात ते तिकडे जात. नोकरी सुटली, गुडघे गेले, एकचाकी गेली, तरी जात. शेवटच्या चैत्रात त्यांना अंथरुणावरून उठवेना, तेव्हा मला बोलावून म्हणाले, "धाकल्या बाई, जाऊन या." काय बघायचे, कोणाला विचारायचे, काही सांगितले नाही. मी कागद घेऊन बसले, पण लिहायला काहीच सुचेना. तशीच गेले. विहिरीवर बायका धुणी धूत होत्या, पारावर कोणीतरी बैलाच्या किमतीवरून हुज्जत घालत होते, पोरे उतारावर हुंदडत होती. आपण नक्की काय पाहायला आलो आहोत हे न कळता मी थोडा वेळ उभी राहिले आणि परत फिरले.

दाजी जागेच होते. "काय झालं तिथं?"

"काहीच न्हाई झालं, दाजी."

त्यांनी मान हलवली आणि कुशीवर वळले.