मामीची कादंबरी आणि पुण्याची उत्तरं

‘नाही’ हा शब्द ऐकून त्यातून ‘हो’ काढणारी एकच व्यक्ती मी आयुष्यात पाहिली, आणि ती म्हणजे आमची भोरची मामी. किकवीच्या एका लग्नाहून परतताना सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर म्हणाला, ‘‘जागा नाही.’’ मामीनं त्याचा अर्थ ‘अजून केलेली नाही’ असा घेतला आणि लोक सरकेपर्यंत पायरीवर उभी राहिली. भोरच्या हवेत चिकू येत नाही असं शेजारपाजारच्या सगळ्यांनी सांगितलं, म्हणून तिनं परसात चिकूच लावला. झाड चांगलं पुरुषभर वाढलं, पण फळ काही धरेना. कोणी विचारलंच तर मामी सांगे, ‘‘त्याचा विचार चाललाय.’’

मी भोरच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि मामाकडे राहायला गेलो, ते लढाईचे दिवस होते. मामा संस्थानच्या कचेरीत कारकून होता. दुपारी चूल सारवून झाली की मामी मांडीवर पाट घेऊन लिहायला बसे. अशी काही वर्षं बसून तिनं कादंबरी पुरी केली होती. सासर सोडून पुण्यात खानावळ काढणाऱ्या एका मुलीची ती गोष्ट. घरात कोणी लिहिणारं नव्हतं, त्यामुळे हे वेड कुठून आलं हे मामाला शेवटपर्यंत कळलं नाही. पण शाई संपली की दुसरी बाटली तोच आणून ठेवी, न बोलता.

कादंबरी पुण्याच्या एका प्रकाशकाकडे गेली. उत्तर आलं, तेही ‘श्रीयुत’ म्हणून, कारण मामीनं नावाची नुसती आद्याक्षरं घातली होती. ‘लेखणीस ओघ आहे. सध्या हाती घेणे शक्य नाही, तरी पुढेमागे अवश्य विचार करू. लोभ असावा.’

मामाचा जन्म सरकारी कागद वाचण्यात गेलेला. तो म्हणाला, ‘‘अगं, हा नकार आहे.’’

‘‘लोभ असावा म्हणतायत ते. नको असलेल्या माणसाकडे लोभ कोण मागतं?’’ मामी म्हणाली. ‘‘इतक्या भाच्या-पुतण्यांची लग्नं जमवली मी. नकार द्यायचा असला की पत्रिका जुळत नाही म्हणून लिहितात. यात पत्रिकेचं नाव तरी आहे का?’’

मामानं पत्र घडी करून ठेवलं. मामी मात्र गावभर ‘पुण्याशी बोलणं चालू आहे’ असं सांगून आली. पुढे बोलणं वाढलं. दुसऱ्या प्रकाशकानं कळवलं की नायिका शेवटी नवऱ्याकडे परत गेली तर वाचकांना बरं वाटेल. मामीनं तिला परत पाठवलं. तिसऱ्यानं लिहिलं, नायिका परत गेल्यामुळे गोष्टीतला जोरच गेला. मामीनं दोघांचाही मान राखला. नायिका नवऱ्याकडे गेली, तिथं सगळ्यांना स्वयंपाक करून वाढला, स्वतः पोटभर जेवली आणि पुन्हा खानावळीत निघून आली. हा भाग खरोखरच सुरेख उतरला होता.

चौथ्या प्रकाशकाचं पत्र मी स्वतः वाचून दाखवलं. ‘आपल्या घोड्याचे मरण वाचून डोळे पाणावले. मात्र सबंध पुस्तकात एकही स्त्रीपात्र नाही, याचा विचार व्हावा.’ मामीच्या कादंबरीत बायकांना बसायला जागा पुरत नव्हती, आणि घोडा तर औषधालाही नव्हता. पाकिटात दुसऱ्या कोणाचं तरी पत्र पडलं होतं हे उघड होतं. मी तसं म्हणालोही. मामी जेवताना म्हणाली, ‘‘चुकून का होईना, त्यांना काय आवडतं ते कळलं ना? घोडा.’’ आणि खानावळीचं पीठ आणणाऱ्या टांग्याला तिनं घोडा जोडला. ‘‘मारणार मात्र नाही,’’ तिनं मला बजावलं. ‘‘त्या मुक्या जिवानं काय केलंय?’’

घोड्यासकट कादंबरी त्याच प्रकाशकाकडे परत गेली, आणि या खेपेला ‘एकदा समक्ष भेटावे’ असं उत्तर आलं. मामी ठेवणीतलं लुगडं नेसली. मी रजा काढून तिच्याबरोबर पुण्याला गेलो.

दुकान एका बोळात होतं. प्रकाशक म्हणजे एक वयस्क, किडकिडीत गृहस्थ. ते माझ्याशीच बोलू लागले, तेव्हा मी म्हणालो, ‘‘कादंबरी यांची आहे.’’ ते गडबडून उठले आणि आपली खुर्ची त्यांनी मामीला दिली.

‘‘बाई, तुम्ही घोडा घातलात ते पाहिलं आणि मला राहवेना,’’ ते म्हणाले. ‘‘ते पत्र दुसऱ्यांचं होतं. माझी चूक झाली. समोर सांगावं म्हणून बोलावलं.’’

‘‘ते असू दे. छापणार का, एवढं सांगा.’’

‘‘कागद मिळत नाही, बाई. मिळतो तो शाळेच्या पुस्तकांत संपतो. लढाई थांबली तरी मला जमेलसं वाटत नाही.’’

‘‘मग तसं लिहीत का नाही?’’

त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘‘लिहवत नाही. तरुणपणी मीही कादंबरी लिहिली होती. मला फार स्पष्ट उत्तर आलं. त्यानंतर काही लिहिलं नाही मी.’’

मामीनं खुर्ची थोडी पुढे ओढली. मग म्हणाली, ‘‘काय होतं त्या गोष्टीत?’’

ते नको नको म्हणता म्हणता सांगू लागले. गिऱ्हाईकं येऊन परत गेली, चहा येऊन निवला. मामी मधूनमधून विचारी, ‘‘मग त्याची बहीण काय म्हणाली?’’ निघताना तिनं त्यांना सांगितलं, ‘‘चांगली आहे गोष्ट. पुन्हा लिहायला घ्या.’’

परतीच्या मोटारीत ती खिडकीशी बसली. वाटेत शिवरं गाव आलं तेव्हा बाहेर बघत म्हणाली, ‘‘नाही म्हणाले रे ते मला.’’ तिचं असं पडलेलं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं.

आठवडाभर तिनं पाट मांडीवर घेतला नाही. मग एका दुपारी शेजारच्या बायका तांदूळ निवडायला आल्या, आणि त्यांना ती कादंबरी पहिल्यापासून वाचून दाखवू लागली. हळूहळू ओसरी भरू लागली. हिर्डोशीहून तांदूळ विकायला येणारी एक बाई बाजार आटोपून दारात टेके, आणि मध्ये काय घडलं ते मामी तिला आधी सांगे. मामा तेव्हा नुकताच पेन्शन घेऊन कचेरीतून मोकळा झाला होता. तो आतल्या खोलीत पडून असे. तो झोपतो असं आम्ही समजत होतो.

वाचन शेवटाला आलं आणि मामी तापानं अंथरुणाला खिळली. त्यातून ती उठली नाही.

बऱ्याच दिवसांनी हिर्डोशीची बाई आली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, तशी ती डोक्यावरची पाटी खाली ठेवून तिथंच बसली. मग म्हणाली, ‘‘मास्तर, त्या खानावळीच्या पोरीचं म्होरं काय झालं वो? काकू सांगनार व्हत्या मला.’’

मी आतून कागद आणले आणि राहिलेलं वाचून दाखवलं. एकदाचं संपावं म्हणून भराभरा वाचून काढलं. तिनं पदरानं डोळे टिपले.

‘‘बरं झालं पोरीचं,’’ ती म्हणाली. ‘‘पन काकू वाचायच्या तवा ती हितंच कुटं तरी हाय असं वाटायचं.’’

एवढ्यात आतल्या खोलीतून मामाचा आवाज आला. ‘‘इतकं घाईनं नाही वाचायची ती. पुन्हा वाच.’’

मी पानं मागे उलटली आणि सावकाश वाचायला लागलो.