हवेतलं सांगू की दारातलं?

"हवेतलं सांगू की दारातलं?" पेन्सिल कानामागे खोचत ताई विचारायच्या, आणि समोरचा चिडायचा.

शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये पंपांचे सुटे भाग विकणारी आमची कंपनी होती. मी कागदपत्रं बघायचो, ताई तिकिटं. साहेब सारखा युरोपात. (त्याला मी इथे अहोजाहो करणार नाही.) भिंतीवरच्या नकाशावर वीत ठेवून तो म्हणायचा, "फ्रँकफर्ट से मिलान, इतना सा तो है!"

"हवा में घंटाभर, साब. दरवाजे से दरवाजे तक आधा दिन."

"तुम हर चीज लंबी करती हो," म्हणत तो कुरकुरायचा, पण ऐकायचा. म्हणून वेळेवर पोचायचा.

ताईंनी युरोप पाहिला नव्हता. विमानांच्या वेळांचं एक जाड पुस्तक होतं, ते त्या पोथीसारखं मांडीवर घेऊन बसत. मला म्हणत, "विमान थांबतं तिथे कोणाचं घर असतं का हो? पुढे जायचं असतंच की."

त्यांचं घर सावंतवाडीच्याही पुढे. मुंबईहून रात्रभर बस, मग एसटी, मग ओढा ओलांडून चालायचं. घरी आई आणि भाऊ.

एका सकाळी भावाचा फोन आला. आईनं अन्न सोडलं होतं, ताईंचं नाव घेत होती. दुपारच्या विमानात जागा होती, ताईंनीच शोधली. पासपोर्ट मात्र साहेबाच्या कपाटात. आम्हा सगळ्यांचेच तिथे असत. तुम्ही आखातात राहिला असाल, तर ते कपाट तुम्हालाही ठाऊक असेल.

"बंबई तो तीन घंटे है," साहेब मान वर न करता म्हणाला. "पहले कोटेशन खलास करो. कल जाओ."

"साब, एक बार दरवाजे तक का पूछो ना."

"फिर तुम्हारा दरवाजा!" तो हसला. किल्ली त्याच्या हाताशीच होती.

ताईंनी कोटेशन टाइप केलं. त्या गावी पोचल्या तेव्हा स्मशानातून परतलेली माणसं अंगणात पाय धूत होती.

परत आल्यावर त्यांनी तो प्रश्न कोणालाच विचारला नाही. साहेबानं पुन्हा मिलानचं विचारलं, तेव्हा पुस्तक बघून म्हणाल्या, "एक घंटा दस मिनट." तो खूश झाला. त्या हिशेबानं मीटिंग ठरवली, आणि तो पोचला तेव्हा गिऱ्हाईक निघून गेलं होतं. परतल्यावर सगळ्या ऑफिससमोर ओरडला, "बताया क्यों नहीं?"

"आपने हवा का पूछा था, साब."

त्यानं त्यांना काढलं नाही. दुसऱ्या कोणाला ते पुस्तक वाचता येत नव्हतं. त्याही राहिल्या. मला ते कधीच पटलं नाही. मी तसं बोललो, तर म्हणाल्या, "आता घाई कसली?"

पुढे काही वर्षांनी, भर दुपारी, त्याच टेबलाशी त्यांचं हृदय थांबलं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "फिकर मत करो. तीन घंटे में घर पहुंच जाएगी."

मी जन्मात कोणावर आवाज चढवला नव्हता.

"हवा का बोल रहे हो, साब, या दरवाजे का?"

व्हरांड्यातली माणसं वळून बघू लागली. त्यानं हात काढला आणि घड्याळात पाहिलं.

कागदांसाठी कचेऱ्या हिंडलो, शिक्के मिळवले. विमान मुंबईत वेळेवर उतरलं, ते साहेबानं अभिमानानं सगळ्यांना सांगितलं. पुढचं मला भावाकडून कळलं. ओढ्याला पाणी होतं, गाडी अलीकडेच थांबली. तिथून गावातल्या माणसांनी पेटी खांद्यावर घेतली, आणि ती दारात पोचेपर्यंत भाऊ दार उघडं ठेवून उभा होता.