कावळे चेहरा विसरत नाहीत

बोरिवलीत आमच्या बिल्डिंगखाली पिठाची गिरणी आहे. गिरणीवाल्याला मोबाइलवर काही अजब सापडलं की ते ऐकल्याशिवाय गिऱ्हाइकाला पीठ मिळत नाही. "आजी, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात!" तो गिरणीच्या आवाजाच्या वरताण ओरडतो. "मला एक पुरे. गहू बारीक दळ," मी सांगते. तो मिशीतलं पीठ झटकून हसतो.

आमचे हे गेले, तेव्हा दहाव्याला बिल्डिंगमागच्या मैदानात पिंडाला कावळा शिवेना. नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, "हिनं माझ्या भावाला शेवटी गोड खाऊ दिलं नाही. त्यातच जीव अडकलाय त्याचा." सगळे माझ्याकडे बघायला लागले. ह्यांना शुगर होती, पण तिथं कोण ऐकणार?

गिरणीवाला मागे उभा होता. तो पुढे येऊन माझ्या मुलाला म्हणाला, "साहेब, जरा झाडामागे व्हा ना. कावळे चेहरा विसरत नाहीत, मी वाचलंय. आजोबा रोज गॅलरीतून त्यांना काठी दाखवायचे, आणि तुम्ही हुबेहूब आजोबांसारखे दिसता."

मुलगा झाडामागे गेला आणि कावळा खाली उतरला. नणंद पायाकडे बघत बसली.

परवा दळण घेऊन गेले. डबा ठेवला आणि विचारलं, "त्या तीन हृदयांचं काय सांगत होतास रे?"