सोनलच्या गेमचा दुसरा भाग

मंडळी, आजचीच एक गोष्ट सांगतो.

आमच्या सोनलला एका गेमचं भारी वेड. त्यात पहारेकऱ्यांची नजर चुकवून किल्ल्यातून निसटायचं असतं. पण स्नायूंच्या आजारानं तिची आता दोनच बोटं हलतात. म्हणून बटणं मी दाबतो अन् ती सांगते, "बाबा, थांबा. त्याला पाठ फिरवू द्या." मी घाई करतो, पकडला जातो. मग ती हसते, "जन्मभर फॅक्टरीच्या गेटवर पहारा केला, अन् पहारेकऱ्याची चाल ओळखू येत नाही तुम्हाले?"

दुसरा भाग यंदा येणार होता. त्यात दोन बोटांनी खेळायची सोय असेल, अशी तिला आस होती. आज बातमी आली, तो दोन वर्षं पुढे गेला.

मी म्हटलं, "येईल बेटा. काहून मन छोटं करून राहिली?"

तिनं ती बातमी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, "अच्छा, चलो. तोवर तुम्ही नीट शिकून घ्या, बाबा. मला नुसतं बघता आलं तरी पुष्कळ."

दोन वर्षांत ही दोन बोटंही थांबतील, असं डॉक्टर बोलले, ते मी तिच्यापासून लपवलं होतं. तिला सगळं ठाऊक आहे, हे आज कळलं.

मी नुसता गेम पुन्हा सुरू केला. तुम्ही काय म्हटलं असतं?