पाणी ओतण्याआधी

दारात पोदेराकडून सकाळचे पाव घेत होते, तेवढ्यात फोन वाजला. सुवर्णाचा, शेवंतीमावशीचं बघणाऱ्या मुलीचा. ती या वेळेला कधी फोन करत नाही, म्हणून पाव हातात तसेच धरून मी पायरीवर बसले. "ताई, शेवंती आजी गेल्या बघा... झोपेतच. वामनदादांना कळवलंय. तुम्ही या. तुम्ही येईस्तोवर आम्ही पुढचं काय करत न्हाई." पोदेर भोंपू वाजवत पुढच्या घराकडे गेला आणि मला एकदम रडू आलं.

शेवंतीमावशी माझी नात्याने कुणी नव्हे. धारगळला आमच्या शेजारची. पण माझ्या अंगावर पडलेलं पहिलं पाणी तिच्या हातचं, आणि माझ्या दोन्ही मुलांच्याही अंगावरचं तिच्याच हातचं. ती सुईण नव्हती. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणं हे तिचं काम. कुणाकडे मूल झालं की मावशी आपला फणसाच्या लाकडाचा पाट काखेत मारून हजर. न्हाणीत पाटावर बसायची, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून पाय लांब सोडायची आणि नडग्यांच्या मधल्या खाचेत बाळ ठेवायची. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर. मग बाळाशी बोलणं सुरू. "आता पाय हां बाबू... आता प्वाट... आता डोळे मिट, माथ्यार येता." माझा मुलगा तेव्हा इवलासा होता. मी हसून म्हटलं, "मावशी, त्याला काय कळतंय?" तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच शाळेतली पोर झाले. म्हणाली, "कळूक कित्याक व्हया? आंग कोणाचा? त्येचा. मगे त्येका सांगूक नको?"

नवरा लवकर गेला, तरी ती एकटीने उभी राहिली. पुढे बाळंतपणं इस्पितळात व्हायला लागली, आया यूट्यूब बघून मुलांना टबात न्हाऊ घालू लागल्या, आणि मावशीचा पाट भिंतीला टेकून राहिला. विहिरीकडे पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं तेव्हा प्रश्न आला. मुलगा वामन, त्याचं हमरस्त्यावर दुकान. सूनही दिवसभर तिथेच. सून स्वभावाने चांगली, हे मी मुद्दाम लिहिते, कारण अशा लेखात सुनेवर एक फटकारा असतोच. मावशीनेच ठरवलं. मये गावात वयस्कांसाठी नवी वसाहत झालीय. प्रत्येकाची आपली खोली, चहापुरती शेगडी, दाराला आतून कडी, आणि उठण्याबसण्या-आंघोळीला मदतनीस मुली. "कडी आपल्या हातात आसली म्हणजे घर," ती म्हणाली. कपड्यांच्या पिशवीबरोबर पाटही घेऊन गेली. बाथरूममध्ये तो चालत नव्हता, घसरायची भीती. मग खिडकीशी बसून त्यावर पाय ठेवायची, समोर तळं.

पण तिथे गेल्यावर बाईने आंघोळच टाकली. आज कणकण आहे, आज एकादशी आहे, आज पाणी बरं नाही. ज्या बाईने अर्ध्या गावाला न्हाऊ घातलं ती पाण्याला नको म्हणते, हे मला पटेना. तिथल्या व्यवस्थापिका बाईंनी मला आणि वामनला बोलावून घेतलं. बोलणं अगदी गोड. आजी अशाच नाही म्हणत राहिल्या तर त्यांना खाली खाटांच्या दालनात हलवावं लागेल, तिथे ओल्या कपड्याने अंग पुसून घेतात. खाली शेगडी नाही. कडी तर नाहीच, दारच नाही, पडदा आहे. माझं डोकं मुळात लवकर तापतं. मी तिथल्या तिथे भांडले, वामन मला बाहेर घेऊन आला. मावशीला सगळं कळलं होतं. ती शेगडीवरचं चहाचं भांडं पुसत राहिली.

मला वाटलं, शॉवर नको असेल. म्हणून घरचा तांब्याचा तांब्या नेला. नाही. प्लास्टिकच्या कदेलीवर, म्हणजे त्या आंघोळीच्या खुर्चीवर बसायला लाज वाटत असेल म्हणून लाकडी आणली. नाही. शेवटी मी वैतागले. "मावशी, आता तुझ्यापुढे हात टेकले. त्या मुली वाईट आहेत का? जोरात चोळतात का?" तिने पाटावरचे पाय खाली घेतले. मग म्हणाली, "पोरी बऱ्यो आसत गो. हात मऊ आसत. पण माज्या माथ्यावरसून एकामेकीशी बोलतत. हिचो भाऊ कसो आसा, तिचा लगीन खंय ठरला... आणि खाली माजा आंग धुतत. माका घासूचा भांडा केल्यानी. एका दिसाच्या पोराच्या आंगार सुद्धा मी सांगल्याशिवाय पाणी ओतूक नाय."

मी सुवर्णाला गाठलं. चंदगडकडची मुलगी, इथे कामाला आलेली, तोंडाने फटकळ, हाताला जलद. माझं ऐकून तिचा चेहरा पडला, मग ती चिडली. "ताई, आम्ही मुद्दाम बोलतो. म्हातारं माणूस, अंगावर कापड न्हाई, लाज वाटणार न्हाई व्हय? आमच्याकडं असं निरखून बघत न्हाईत. आपण दुसरंच काहीतरी बोलायचं, म्हणजे त्येला वाटतं हिचं लक्षच न्हाई." आजीची लाज राखायची म्हणून त्या तिकडे बघत होत्या, आणि तेच आजीला लागलं होतं. दोघींचंही खरं होतं, आणि त्यात बाईची खोली जायची वेळ आली होती.

मी सुवर्णाला मावशीपुढे नेऊन उभी केली आणि म्हटलं, तुमचं तुम्ही बघा. मावशीने तिला पाटावर बसवली. पायांखाली बादली, हातात माझा तांब्या. मनगटावर पाणी बघितलं आणि म्हणाली, "सुवर्णा, पाय हां." मग ओतलं. सुवर्णा आधी हसली. मग दुसरा पाय. "ह्यो उजवो हां." तिचं हसू गेलं, आणि बघते तर डोळे भरलेले. "माझी आई गेल्यापासनं कुणी..." एवढंच म्हणाली, आणि तोंड पुसून उठली. दुसऱ्या दिवशी मावशी न्हाली. खाली जायचा विषय मिटला.

त्यानंतर मी जाईन तेव्हा बंद दाराआडून दोघींचं ऐकू यायचं. "आजी, आता पाठ." "वत." "कढत हाय का?" "तुजो हात काय सांगता?" "हात म्हणतोय आजी नखरेल हाय." मग मावशीचं ते खोल हसणं... आपल्या माणसासाठी जागा बघायला जातो तेव्हा आपण काय बघतो? फरशी घसरते का, धरायला दांडा आहे का, घंटी वाजते का. बघायलाच हवं, नाही कोण म्हणतं. पण उघड्या अंगाच्या माणसाशी तिथे कोण बोलतं, हे विचारायचं मला सुचलं नसतं. मला ते मावशीने शिकवलं, आणि ती स्वतः शाळेची पायरी चढली नव्हती.

फोन आला त्या दिवशी तिला धारगळला घरी आणलं. सुवर्णा गाडीतून बरोबर आली. अंगणात तीन दगडांवर पाणी तापवलं. शेवटची आंघोळ बायकांनीच घालायची. आम्ही सगळ्या भोवती उभ्या, आणि अशा वेळी चालतं तसं बोलणं चाललेलं, कोण कुठून निघालंय, फुलं आली का, भटजींना कळवलं का. सुवर्णाने तांब्या भरून पाणी मनगटावर घेतलं आणि म्हणाली, "कढत हाय, जरा गार द्या." एक शेजारीण हळूच म्हणाली, "आता तिका गरम काय नि थंड काय?" सुवर्णाने तिकडे बघितलंही नाही. स्वतःच जाऊन विहिरीचं पाणी आणलं, मिसळलं, पुन्हा मनगटावर बघितलं. मग खाली वाकली, मावशीच्या तोंडाकडे बघितलं आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "आजी, पाय हां."

आमचं सगळ्यांचं बोलणं थांबलं.

"आता हात... आता पाठ, जरा वळवते हां... आता डोळे." ते मिटलेलेच होते. पण सुवर्णा क्षणभर थांबली, तिची वाट बघितल्यासारखी, आणि मगच ओतलं.

वामनने पाट मला दिला. मी तो माझ्या न्हाणीत ठेवलाय. पासष्टी उलटली, आताशा माझेही गुडघे उभ्याने आंघोळ करू देत नाहीत. परवा त्यावर बसले, पाय लांब सोडले, पाणी मनगटावर बघितलं. तांब्या उचलला आणि थांबले... कुणीतरी सांगेल, मग ओतू, असं वाटलं. घरात सगळे आपापल्या कामात होते. पाणी निवत चाललं तरी मी तशीच बसून राहिले.